पौषातलं ऊन

उषाबाईचा नवरा काकासाहेब ऊन लागून वारला, असं गाव आजही सांगतं. वारला तो पौषात. उसाची ट्रॉली चाकोरीत फसली होती, चार जण मागून रेटत होते, त्यात हाही होता. रेटता रेटता गुडघ्यावर बसला अन् तसाच आडवा झाला. वय वर्षं चौतीस. सकाळी लोक शेकोटीभोवती हात शेकत बसले होते, अन् दुपारी याला ऊन लागलं म्हणे. कुणी हसलं नाही, कुणी उलटून विचारलंही नाही. गावाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण ज्याच्या त्याच्या घरात लग्नाच्या पोरी होत्या. आज मी तुझं झाकतो, उद्या तू माझं झाक, एवढं शहाणपण आमच्याकडं शाळेत न जाताही येतं.

खरं काय ते घरातल्या तिघांना ठाऊक होतं. काकासाहेबाचा थोरला भाऊ रामराव, रामरावाची बायको म्हणजे अक्का, अन् उषाबाई. मरायच्या सहा महिने आधी काकासाहेब दोनदा चक्कर येऊन पडला होता. तेव्हा औरंगाबादला नेलं. डॉक्टरनं छातीला गारगार मलम लावून यंत्र फिरवलं अन् सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, जड उचलायचं नाही, पळायचं नाही. हे दुखणं रक्तातून येतं, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या. ते ऐकून रामरावाला आपला बाप आठवला. तोही चाळिशीच्या आत विहिरीच्या कामावर पडला होता, अन् त्याला बाहेरचं झालं असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. पण दोन बहिणी उजवायच्या राहिल्या होत्या. रक्तातच खोट म्हटल्यावर कोण उंबऱ्यात पाय ठेवणार? तेरावा झाला अन् रामरावानं बायकोच्या तोंडून निरोप धाडला, दवाखान्याचा तो कागद चुलीत घाल म्हणावं.

बायकोच्या तोंडूनच, कारण रामराव उषाबाईचे भासरे, म्हणजे थोरले दीर. त्या घरात धाकटी सून भासऱ्याशी बोलत नाही. ते ओसरीत आले की हिनं पदर ओढून आत व्हायचं. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, मंग जाऊ त्यांना सांगणार. मधे एक दार असलं अन् त्यांना सगळं ऐकू जात असलं तरी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण उषाबाईचा एक शब्द सरळ भासऱ्याच्या कानावर पडला नव्हता.

उषाबाईनं चुलीत कागद घातला खरा, पण तो खताच्या दुकानाची पावती होती. दवाखान्याचा कागद तिनं ट्रंकेत लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला. कशाला ठेवला हे तिलाही सांगता आलं नसतं. ऊन लागलं म्हणणारेच माघारी म्हणायचे, बाई पांढऱ्या पायाची. तेही तिनं गिळलं. निदान एक कागद तरी खरं बोलतोय, एवढाच तिला आधार होता. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं. अक्काचा माऊली अन् त्याच्या पाठची शीतल, दोघंही हिच्याच कडेवर वाढली.

माऊली बावीसचा झाला अन् त्याला पोलीस भरतीचं वेड लागलं. घनसावंगीला कल्याणनं जिम काढली होती, तिथं जाऊन तयारी करायची असं ठरलं. हा कल्याण पुण्याहून शिकून आल्ता. नवीन माणसाला तो डंबेल्सला हात लावू देत नसे. आधी एक फॉर्म भरून आण, मंग मशीनवर उभा राहा, चरबी किती, स्नायू किती ते बघू, अन् मंगच व्यायाम. लोक हसायचे. तालमीत जायला एवढ्या चौकशा, सोयरीक जुळवायची का काय, म्हणायचे.

अन् नेमकी तिथं सोयरीकही आडवी आली. शीतलचं अंबडच्या राधेश्यामशी जमत आलं होतं. सुपारी पंधरा दिवसांवर होती. हा राधेश्याम कल्याणचा सख्खा मावसभाऊ.

ओसरीत फॉर्म भरायला घेतला. अक्षर चांगलं म्हणून शीतल लिहीत होती, माऊली शेजारी बसून वाचत होता अन् उत्तरं रामराव देत होते.

"छातीत दुखतं का?"

"न्हाई."

"चक्कर येऊन पडलात का?"

"न्हाई."

"काम करताना धाप लागून बसावं लागतं का, धडधड होते का?"

इथं शीतलचा पेन थांबला. रामराव म्हणाले, "न्हाई लिही की, थांबली कामून?" तिनं लिहिलं. स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या उषाबाईनं पेन थांबलेला पाह्यला. तिला वाटलं, पोरीला काकाची ऐकलेली गोष्ट आठवली. तेवढ्यावरच तिनं तो विषय सोडला.

"घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक वारलं आहे का?" माऊलीनं वाचलं अन् मान वर केली. "आप्पा, काका?"

"तुझ्या काकाला ऊन लागल्तं. न्हाई लिही."

उषाबाईला राहवलं नाही. तिनं दाराआडून जावेला म्हटलं, "अक्का, खरं लिहा म्हणावं. पोराच्या जिवाचा सवाल हाये."

अक्कानं नवऱ्याकडं पाह्यलं. रामरावांनी तिच्याकडंच बघत मोठ्यानं सांगितलं, "तिला म्हणावं, चुलीवर दूध उतू चाललं असंल, ते बघ."

दूध काही उतू जात नव्हतं. उषाबाई तरी चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी माऊली मशीनवर उभा राहून आला. अनवाणी पायांनी पत्र्याच्या पाट्यावर चढायचं, दोन हातांत दोन दांडे धरायचे, की चिठ्ठी बाहेर. वजन अडुसष्ट, चरबी तेरा टक्के, स्नायू उत्तम, शरीराचं वय एकोणीस. अक्कानं ती चिठ्ठी देव्हाऱ्याच्या शेजारी चिकटवली. रामराव आल्यागेल्याला दाखवायचे, बघा, मशीननं लिहून दिलं, पोरगं एक नंबर हाये. आता चरबी मोजणाऱ्या मशीनला काळजातलं काय कळणार? पण छापील कागद दिसला की आमच्या माणसांची अक्कल गहाण पडते. सोमवारपासून सोळाशे मीटरची पळापळ सुरू होणार होती.

उषाबाईची झोप उडाली. डोळे मिटले की ट्रॉलीमागं गुडघ्यावर बसलेला काकासाहेब दिसायचा, अन् त्याचं तोंड माऊलीचं असायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन कुंभार पिंपळगावला गेली. पिशवीच्या तळाला दवाखान्याचा कागद होता. बाजारात न शिरता ती घनसावंगीच्या जीपमधे बसली.

दुपारी जिममधे बायकांचा वर्ग असे, तो कल्याणची बायको तृप्ती घेई. तिला वाटलं नवीन बाई आली. "मावशी, चपला काढा, यावर उभ्या राहा," ती म्हणाली. कुठून सुरुवात करावी ते उषाबाईला सुचत नव्हतं, म्हणून ती मुकाट्यानं मशीनवर चढली. चिठ्ठी निघाली तशी तृप्तीनं नवऱ्याला हाक मारली. कल्याणनं चिठ्ठी पाह्यली अन् विचारलं, "मावशी, वय किती तुमचं?"

"सत्तेचाळीस."

"मशीन तर अडतीस दाखवून राह्यलं. कोणता व्यायाम करता?"

"मी कुठं व्यायाम करती बाबा? दोन म्हशी हायेत, त्यांची वैरण. झाडलोट, धुणं, कापूस येचणं."

"मंग बराबर," कल्याण हसून म्हणाला.

तेव्हा तिनं पिशवीतून कागद काढला अन् माऊलीची चुलती म्हणून ओळख सांगितली. कल्याणनं कागद दोनदा वाचला. मंग म्हणाला, "बरं झालं आल्या. जालन्याहून हृदयाची तपासणी करून आणल्याशिवाय मी याला एक पाऊल पळवणार न्हाई."

"माझं नाव काढू नको. अन् कागदाचं कुठं बोलू नको, आमच्या पोरीचं तुमच्याकडंच जमून राह्यलं."

"बिलकुल न्हाई, मावशी."

कल्याण माणूस खोटा नव्हता. त्यानं फक्त आपल्या आईला सांगितलं. आईनं फक्त आपल्या बहिणीला सांगितलं. ती बहीण म्हणजे राधेश्यामची आई.

पाचव्या दिवशी अंबडहून फोन आला. गुरुजींनी पुन्हा पाह्यलं, पत्रिकेत दोष निघतोय, तर राहू द्या. आधी सत्तावीस गुण जुळले होते. तेव्हा गुरुजी काय झोपले होते का? पण रामरावांनी फोन ठेवून दिला. आपणही ऊन लागलं म्हणून सांगत आलो, तर समोरच्याच्या पत्रिकेला नावं कोणत्या तोंडानं ठेवणार? शीतल दोन दिवस जेवली नाही. राधेश्यामचा तिला रोज संध्याकाळी फोन यायचा, हे उषाबाईला एकटीला ठाऊक होतं. तो फोन बंद झाला.

अन् त्याच आठवड्यात कल्याणनं माऊलीला परत पाठवलं. डॉक्टरचा रिपोर्ट आण, जुना कागद सोबत ने, अन् चुलतीलाही ने, डॉक्टर विचारतील. झालं. कागद कुणाकडं होता अन् कुणी नेला, ते घराला कळलं.

रामराव ओसरीतूनच कडाडले, अन् तेही अक्काकडं बघून. "तिला इचार, बावीस वर्षं कुणाचं मीठ खाती? पोरीचा सोन्यासारखा संसार बसायच्या आधी मोडला, आता तरी पोट भरलं का म्हणावं."

अक्का स्वयंपाकघरात आली. उषाबाईनं सगळं ऐकलंच होतं. तरी अक्कानं शब्दाला शब्द पुन्हा सांगितला, अन् सांगताना तिचा आवाज नवऱ्यापेक्षा कडू होता.

पण भरती जवळ आली होती अन् माऊली अडून बसला. शेवटी एका सकाळी जीप निघाली. रामराव पुढं, माऊली मधे, उषाबाई मागच्या बाकावर पोत्यांच्या शेजारी. जालन्यात मस्तगडला डॉक्टर रजनी मॅडमचा दवाखाना होता. मॅडमनी जुना कागद उजेडाकडं धरून वाचला अन् विचारलं, "हा कागद इतकी वर्षं कुणी जपला?" रामराव खिडकीबाहेर बघत राहिले. उषाबाईनं पदराआडून मान हलवली.

माऊलीला आत नेलं, बराच वेळ यंत्र फिरवलं. बाहेर बसलेल्या उषाबाईनं कोणता देव आठवला नाही ते विचारा. मॅडम आल्या अन् म्हणाल्या, "आज तरी मुलाचं हृदय चांगलं आहे. पळू दे त्याला. दर दोन-तीन वर्षांनी मात्र दाखवत राहा."

उषाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांना पदर लावून ती मनातल्या मनात काकासाहेबाला म्हणाली, वाचला बरं का आपला माऊली.

"याला सख्खी भावंडं किती?" मॅडमनी विचारलं.

"एक बहीण हाये," रामराव म्हणाले.

"तिलाही आणा. जल्दी आणा. हा आजार मुलगा-मुलगी बघत नाही. तिला कधी चक्कर, धाप, धडधड?"

"न्हाई, न्हाई. ती ठणठणीत हाये."

अन् तिथं, त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, उषाबाईच्या डोळ्यांपुढं शीतलचा थांबलेला पेन आला. मंग एकामागून एक सगळंच येत गेलं. दिवाळीनंतर वैरणीचा भारा घेऊन येताना शीतल बांधावर भारा टाकून बसली होती. तोंड पांढरं पडलेलं, ओठ निळसर. "काय झालं गं?" म्हटल्यावर म्हणाली होती, "काही न्हाई काकू, जरा ऊन लागलं." कार्तिकात. अन् उषाबाईनं तिला गूळपाणी दिलं होतं. जिनं पौषातलं ऊन स्वतःच्या कपाळावर सोसलं, तिलाच कार्तिकातलं ऊन ओळखता आलं नाही. नजर सारी पोरावर होती. घराला शिव्या द्यायच्या, तर पहिली शिवी तिनं स्वतःला द्यायला पाहिजे होती, अन् तिनं ती दिली.

तिला बोलायचं होतं. मॅडम समोर होत्या, फक्त तोंड उघडायचं होतं. पण शेजारच्या खुर्चीत भासरे बसले होते, अन् मधे सांगायला अक्का नव्हती. सव्वीस वर्षांची सवय आडवी आली. मॅडमनी पुढच्या पेशंटला हाक मारली अन् ती तशीच उठली.

घरी पेढे वाटले. आता तर रामरावांचं बळ दुप्पट झालं. पोराचा रिपोर्ट साफ निघाला, म्हंजी तो जुना कागदच खोटा. बाईनं जळून पोरीचं मोडलं, असं गावभर झालं. रामरावांनी रिपोर्ट लॅमिनेट करून आणला. अन् महिन्याच्या आत परतूरकडचं दुसरं स्थळ आलं, तेव्हा पाहुण्यांसमोर चहाच्या आधी तो ठेवला. "लोक काय बी बोलत्यात. आमच्यात सगळं तपासलेलं हाये, बघून घ्या." पाहुण्यांनी रिपोर्ट हातोहात फिरवला. त्यावर नाव कुणाचं, हे कुणी वाचलं नाही. भावाच्या काळजावर बहिणीची सोयरीक जुळली. आता जिथं पाहिजे तिथं डोकं आपटून घ्या.

उषाबाईनं शीतलला गोठ्यात गाठलं. "माझ्यासंगं जालन्याला चल. एक दिवस. कुणाला सांगायचं न्हाई."

शीतल म्हशीच्या पुढ्यात वैरण टाकत होती. तिनं हात थांबवला नाही. "काकू, एक मोडलंस ना माझं? बास झालं."

"तुला धाप लागती. मी बघितलंय."

"सगळ्यांनाच लागती. भारा काय हलका अस्तो?" मंग ती वळली अन् तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यात खोट निघाली तर मला कोण करून घेईल? जन्मभर तुझ्यासारखी या घरात राहू का मी?"

उषाबाईनं खाली सांडलेली वैरण गोळा करून म्हशीपुढं सारली.

लग्नाची तारीख निघाली. सासर मोठं, चार म्हशी, पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर, असं अक्का कौतुकानं सांगत होती. उषाबाई प्रत्येक वस्तूचं वजन मनात करत होती. तिनं अक्काला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा अक्कानं ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा ती उठून गेली, तिसऱ्यांदा म्हणाली, "उषा, माझ्या पोरीला दृष्ट लावू नको."

शेवटी एका सकाळी रामराव ओसरीत पत्रिकांवर नावं टाकत बसले होते, तेव्हा उषाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली. अक्का हातातलं सूप घेऊन बघतच राहिली. उषाबाई भासऱ्यांच्या समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर होता, पण तोंडावर नव्हता.

"भाऊ," ती म्हणाली. "शीतलला तपासून आणा. तिला तेच होतंय, जे ह्यांना व्हायचं. सासरी धाडायच्या आधी एकदा आणा. मी पाया पडते तुमच्या."

अन् ती खरंच खाली वाकली. तिनं जमिनीला कपाळ टेकलं. अंगणात माऊली पळून आला होता. घामानं निथळत तो भिजवलेले बदाम खात उभा होता, त्यानं हे सगळं पाह्यलं अन् पुढचा बदाम तोंडात टाकला.

रामरावांनी पत्रिकेवरचं नाव पूर्ण केलं. पेनाला टोपण लावलं. समोर वाकलेल्या बाईच्या डोक्यावरून त्यांनी बायकोकडं पाह्यलं.

"तिला सांग," ते अक्काला म्हणाले, "तपासणी व्यायाम करणाराची अस्ती. आपली पोरगी कुठं व्यायाम करती?"

अक्का सूप खाली ठेवून उषाबाईजवळ आली अन् तिनं तेच शब्द तिला सांगितले. मागच्या दारी शीतलनं वैरणीचा एक भारा आणून टाकला होता, अन् दुसरा आणायला ती परत वावराकडं निघाली होती.